ज्यूविरोध की ज्यूद्वेष?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका ताईंचा आहे. मुलाच्या सरकारी शाळेने पालकांसाठी काढलेल्या पत्रकाचा त्या हौसेने मराठी अनुवाद करताहेत आणि 'अँटिसेमिटिझम'पाशी अडल्या आहेत. त्यांनी 'ज्यूविरोध' लिहिलं, ते वाचून नववीतल्या मुलाने विचारलं, "म्हणजे मी इस्रायलच्या सरकारला विरोध केला तर शाळा मला काढणार?" एका मैत्रिणीने 'सेमिटिकविरोध' सुचवलं. यातलं काय घ्यावं? आणि जाता जाता, 'सिनेगॉग'ला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मराठीत काय म्हणतात?

माझं उत्तर: ज्यूद्वेष. मुलाचा प्रश्न मात्र आईच्या प्रश्नाहून अवघड आहे, तेव्हा थोडं पाल्हाळ सोसा.

'सेमिटिकविरोध' आधी निकालात काढू. सेमिटिक हे एका भाषाकुळाचं नाव. हिब्रू, अरबी, आरामाइक, अम्हारिक या त्यातल्या भाषा. अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मन विद्वानांनी बायबलमधल्या नोहाचा मुलगा शेम याच्यावरून ते रूढ केलं. पुढे भाषेच्या कुळावरून माणसांचा वंश ठरवायची टूम निघाली; आपल्याकडे 'आर्य' शब्दाचे जे धिंडवडे निघाले तोच प्रकार. १८७९ मध्ये विल्हेल्म मार नावाच्या जर्मन पत्रकाराने 'अँटिसेमिटिझम' प्रचारात आणला तो या हवेत. जुन्या धार्मिक द्वेषाला त्याला शास्त्रीय वाटेल असा अंगरखा हवा होता. शब्द टीकाकारांनी लावलेला नाही. ज्यूंचा द्वेष करणाऱ्यांनी तो स्वतःहून, मिरवत लावून घेतला. रोख पहिल्यापासून फक्त ज्यूंवर होता, अरबांचा त्यात काही संबंध नव्हता. म्हणूनच इंग्रजीत हल्ली या शब्दातली मधली आडवी रेघ काढून टाकतात, नाहीतर 'सेमिटिझम' नावाचं काहीतरी खरोखर आहे असं वाटतं. आपण 'सेमिटिकविरोध' लिहिलं की ती पुसलेली रेघ पुन्हा ओढली जाते.

आता विरोध आणि द्वेष. मराठीत विरोधाला प्रतिष्ठा आहे. विधानसभेत विरोधी पक्षनेता असतो, त्याला मंत्र्याचा दर्जा असतो. विरोध धोरणाला, ठरावाला, धरणाला, सक्तीला. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र तापला तेव्हा जो तो बजावून सांगत होता की विरोध हिंदीला नाही, सक्तीला आहे. म्हणजे विरोध कशाला आहे हे नीट सांगण्याची सवय आपल्याला आहे. द्वेषाचं तसं नाही. तो माणसाचा, जातीचा, धर्माचा असतो, आणि त्याला मुद्दा लागत नाही. आपण 'स्त्रीद्वेष' म्हणतो, 'स्त्रीविरोध' म्हणत नाही. बाई असणं हे काही कुणाचं धोरण नव्हे. ज्यू असणंही नव्हे. म्हणून 'ज्यूविरोध' हा समास मला मुळातच लंगडा वाटतो, आणि तुमच्या चिरंजीवांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

गंमत अशी की अमेरिकेतला सगळा वाद याच दोन शब्दांमधल्या फटीत अडकला आहे. २०१६ मध्ये होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मरणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आघाडीने 'अँटिसेमिटिझम'ची एक व्याख्या स्वीकारली. सोबत अकरा उदाहरणं आहेत, त्यातली सात इस्रायलशी संबंधित. इतर कुठल्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नव्हे, असंही तिच्यात म्हटलंय. तरी भीती उरतेच की सरकारने ही उदाहरणं विद्यापीठांना लावली तर विरोधही द्वेषाच्या खात्यात जमा होईल. ही भीती सर्वात ठामपणे मांडणारा माणूस कोण, तर या व्याख्येच्या मूळ मसुद्याचा प्रमुख लेखक केनेथ स्टर्न, जो स्वतः ज्यू आहे. त्याचं म्हणणं, मसुदा युरोपातल्या घटनांची नोंद सारख्या निकषाने व्हावी म्हणून केला होता, विद्यार्थ्यांच्या बोलण्यावर पहारा बसवायला नाही. २०१९ च्या डिसेंबरात ट्रम्प यांच्या आदेशाने हीच व्याख्या नागरी हक्कांच्या तक्रारी तपासताना विचारात घ्यायला सांगितली गेली.

अभ्यासकांच्या एका गटाने २०२१ मध्ये काढलेल्या जेरुसलेम जाहीरनाम्यातली ज्यूद्वेषाची व्याख्या मला अनुवादक म्हणून जास्त आवडते. ज्यूंबद्दल ज्यू म्हणून असलेला भेदभाव, पूर्वग्रह, वैर किंवा हिंसा, असा तिचा आशय आहे. सगळी मदार त्या 'म्हणून'वर, आणि मराठीतला 'म्हणून' कारण सांगतो. वर्गातल्या ज्यू मुलीला "गाझात काय चाललंय त्याचं उत्तर दे" असं कुणी दरडावलं, तर तिथे सरकारला विरोध झालेला नाही. जन्मापासून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेल्या पोरीला ती ज्यू आहे म्हणून जाब विचारला गेला. यावर दोन्ही व्याख्यांचं एकमत आहे.

पण द्वेष ओळखला म्हणजे त्याला शिक्षा करता आली, असं अमेरिकेत होत नाही. घटनेच्या पहिल्या दुरुस्तीमुळे नुसत्या द्वेषपूर्ण मतालाही सरकारपासून संरक्षण आहे. १९६५ मध्ये आयोवातल्या काही मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ शाळेत काळ्या फिती लावल्या. (काळ्या फिती लावून काम करणं मराठी माणसाला समजावून सांगायला नको.) शाळेने त्यांना निलंबित केलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शाळेच्या फाटकात शिरताना मुलं आपलं भाषणस्वातंत्र्य बाहेर ठेवून येत नाहीत. वर्गच उधळला तर गोष्ट वेगळी.

मग शाळेने हात बांधून बसायचं का? नाही. इथे तिसरा शब्द लागतो: छळ. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, रंग वा मूळ देशावरून भेदभाव करायला मनाई करतं. त्यात धर्माचा उल्लेख नाही, पण ज्यूंना समान वंशपरंपरेच्या आधारे त्याचं संरक्षण मिळतं. छळ कधी म्हणायचा? १९९९ मध्ये लैंगिक छळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातलेली कसोटी अशी की तो इतका तीव्र आणि इतका सर्वदूर हवा की मुलाला शिक्षणच नीट घेता येऊ नये. तेव्हा पत्रकात जिथे 'हॅरॅसमेंट' आहे तिथे 'त्रास' लिहू नका. त्रास डासांचाही होतो. 'छळ' लिहा.

एक सावधगिरी. 'सेमाइट तर अरबही आहेत, मग अरब ज्यूद्वेष्टा कसा असेल?' हा युक्तिवाद व्युत्पत्तीच्या जोरावर चालतो आणि तो फसवा आहे. पण इस्रायलविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावांना म्हणतात त्या 'इंतिफादा'चा मूळ अरबी अर्थ झटकून टाकणं, तेव्हा घोषणेत वावगं काहीच नाही, हाही त्याच माळेतला मणी. आणि त्या शब्दाचा अर्थ नरसंहारच, असं धरून चालणारेही वापराकडे पाहत नाहीत. ५ डिसेंबर २०२३ ला तीन नामांकित विद्यापीठांच्या अध्यक्षांना अमेरिकी संसदेच्या समितीत विचारलं गेलं, ज्यूंच्या नरसंहाराची हाक देणं हा तुमच्या नियमांचा भंग ठरतो का? उत्तरांचा मथितार्थ होता, संदर्भावर अवलंबून. कायद्याच्या अंगाने फारसं चूक नव्हतं, पण इतक्या कोरड्या सुरात आलं की महिन्याभरात त्यातल्या दोघींना पायउतार व्हावं लागलं.

मुलाला सांगा, सरकारी शाळा त्याला सरकारविरोधी मतासाठी काढू शकत नाही. आणि पत्रकात 'ज्यू', 'इस्रायली', 'झायनवादी' (ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं असं मानणारा) हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. आपली वर्तमानपत्रंसुद्धा कधीकधी इस्रायली सैन्याला बिनदिक्कत 'ज्यू' म्हणतात.

'आपल्या मातीत ज्यूद्वेष कधी नव्हताच' हे वाक्य मात्र जपून वापरा. कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, शतकानुशतकं सुखाने नांदले, हे खरं. पण त्याच किनाऱ्यावर पोर्तुगीज गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं. वनौषधींवर ग्रंथ लिहिणारे ज्यूवंशीय वैद्य गार्सिया दा ओर्ता १५६८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला जाळण्यात आलं, आणि १५८० मध्ये त्यांची हाडंही उकरून जाळली.

राहिला सिनेगॉग. बेने इस्राएल त्याला चक्क 'मशीद' म्हणत. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ म्हणजे 'जुनी मशीद', आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पुण्यातलं सिनेगॉग तर 'लाल देऊळ'. दोन्ही शब्द मराठीत मुरलेले आहेत, पण तुम्ही पत्रकात आपलं 'सिनेगॉग'च ठेवा. नाहीतर पालक गोंधळतील.