वाचकांचे प्रश्न : रात्री अडीचला जाग येते आणि हिशेब सुरू होतात

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ४८ असून यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात माझी साडेसहा एकर शेती आहे. दिवाळीपासून माझी झोप पार बिघडली आहे. रात्री नऊला अंग टाकले की डोळा लागतो, पण अडीचच्या सुमारास खाडकन जाग येते आणि डोक्यात हिशेब सुरू होतात. सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर भरायचे आहे, कृषी केंद्राची उधारी थकली आहे, मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते आहे आणि भाव वाढेल या आशेने न विकलेला कापूस घरात पडून आहे. ज्या खोलीत कापूस भरला आहे, त्याच खोलीत आम्ही झोपतो. आकडेमोड करता करता पाच वाजतात आणि मग नेमकी झोप लागते. मधल्या वेळात मोबाईलवर बाजारभाव पाहतो, एखादा खर्रा खातो, देवाचे नाव घेतो आणि झोप यावी म्हणून डोळे घट्ट मिटून पडून राहतो. कशाचाच उपयोग होत नाही. मेडिकलमधून झोपेची गोळी आणावी का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : भाऊ, अडीच वाजता जाग येणे हा तुमचा आजार नाही. माणसाची झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी ती पातळ होते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागातच उरकलेला असतो. तुम्ही नऊला झोपता, म्हणजे अडीचपर्यंत तुमची साडेपाच तास झोप झालेली असते. त्यानंतरची झोप हलकी असल्याने कुत्रे भुंकले किंवा वासरू हंबरले तरी ती मोडू शकते. अशी जाग बहुतेकांना येते आणि ते कूस बदलून पुन्हा झोपतात. तुमच्या बाबतीत त्या क्षणी हिशेबाची वही उघडते, इतकाच फरक आहे, आणि उपाय त्या वहीचा करायचा आहे.

चिंता करू नका, असे मी लिहिणार नाही. कर्ज खरे आहे, मुलीची फी खरी आहे आणि त्याचा विचार घरच्या कर्त्या माणसाने करायलाच हवा. परंतु रात्री तीनचा हिशेब हा हिशेबच नसतो. त्या वेळी शरीराचे तापमान दिवसभरातील सर्वांत खालच्या पातळीजवळ असते, मेंदू अर्धवट जागा असतो, कागद-पेन हाताशी नसते आणि सोसायटीचे दार बंद असते. चार आकडे डोक्यात धरून ठेवता ठेवता पाचवा निसटतो आणि बेरीज पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यातून निर्णय काहीच निघत नाही, म्हणून दुसऱ्या रात्री तेच आकडे पुन्हा समोर उभे राहतात.

म्हणून चिंतेला दिवसाची वेळ ठरवून द्या. टॉमस बोर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये ही पद्धत मांडली: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजीचे विषय घेऊन बसायचे आणि एरवी ते मनात आले तर त्या वेळेवर ढकलायचे. तुम्ही दिवाबत्तीनंतर, जेवणाआधी, वही घेऊन ओसरीवर बसा आणि शक्य असेल तर वहिनींनाही सोबत घ्या, कारण घरातील अनेक आकडे त्यांनाच नीट ठाऊक असतात. पानावर मधोमध एक रेघ ओढा. डावीकडे रक्कम लिहा आणि उजवीकडे त्याबाबत पुढे करायचे एकच काम लिहा. सोसायटीच्या रकमेसमोर ‘मंगळवारी गटसचिवांना भेटून भरण्याची शेवटची तारीख आणि व्याज सवलतीची अट विचारणे’ असे लिहिता येईल, कारण पीककर्ज मुदतीत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो आणि मुदत चुकली तर तो हातचा जातो. कृषी केंद्राच्या उधारीसमोर पूर्ण रक्कम फेडण्याचा विचार लिहू नका, ‘पहिला हप्ता किती आणि कधी, हे बोलून घेणे’ इतकेच लिहा.

कापसाविषयी थोडे अधिक सांगते, कारण पत्रावरून मला असे वाटते की तुमची झोप कर्जापेक्षाही त्या कापसाने मोडली आहे. विकावा की थांबावे, हा निर्णय तुम्ही भावावर सोडला आहे, त्यामुळे तो रोज रात्री नव्याने घ्यावा लागतो. त्याला एक तारीख द्या. अमुक दिवसापर्यंत वाट पाहायची आणि नंतर भाव काहीही असो, निदान सोसायटीचे भागेल इतका कापूस विकायचा, असे वहीत लिहून टाका. भाव वाढेल की पडेल हे मी सांगू शकत नाही, पण तारीख ठरलेली असली की रात्री घेण्यासारखा निर्णय उरत नाही. शिवाय साठवलेल्या कापसाजवळ झोपल्याने अंगाला खाज सुटते, हा अनुभव आपल्या भागात अनेक घरांनी घेतला आहे; खाजवता खाजवता आलेली जागही पुढे हिशेबात जाते. बाज दुसऱ्या खोलीत न्या, नाहीतर ओसरीवर मच्छरदाणी लावून झोपा.

वही मिटताना दुसऱ्या दिवशीची कामेही लिहून ठेवा. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. हा प्रयोग सुरुवातीच्या झोपेविषयी होता, मध्यरात्री जाग येण्याविषयी नव्हता; तरी लिहिलेले काम डोक्याला धरून ठेवावे लागत नाही, हा त्यातला धागा तुमच्या उपयोगाचा आहे.

आता प्रत्यक्ष रात्रीविषयी. डोळे घट्ट मिटून झोपेसाठी जोर लावणे आधी सोडा. झोप प्रयत्नाने येत नाही आणि जोर लावला की ती आणखी लांबते. ‘झोप आली नाही तरी चालेल, नुसते अंग सैल सोडून पडतो’ असे स्वतःला सांगा, श्वास सोडताना तो घेताना लागतो त्यापेक्षा लांब होऊ द्या आणि मनाला चित्रांचे काम द्या. ऑक्सफर्ड येथे २००२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, निद्रानाश असलेल्या ज्या लोकांना एखादे शांत, रमवणारे दृश्य मनात बारकाईने रंगवायला सांगितले होते, ती माणसे इतरांपेक्षा लवकर झोपी गेली. तुमच्यासाठी मी घरापासून वावरापर्यंतची पांदण सुचवीन. मारुतीच्या पारापासून निघा, उजव्या हाताला कोणाचे कुंपण आहे, नाल्यावरचा दगड कुठे हलतो, बाभळीनंतर कडुलिंब येतो की पळस, हे सावकाश पाहत चला. मात्र स्वतःच्या धुऱ्यावर पोहोचण्याआधीच मागे फिरा. पुढे गेलात तर बोंडअळी दिसेल आणि हिशेब सुरू होईल. देवाचे नाव अवश्य घ्या, पण झोप लागली का, हे तपासत तपासत घेऊ नका.

एवढे करूनही वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर अंथरुणातून उठा. वेळ अंदाजानेच धरा, घड्याळ पाहू नका. हा नियम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितला आणि तो आजही निद्रानाशाच्या उपचारात पायाभूत मानला जातो. त्यामागचे कारण असे की रोज तासन्‌तास जागे आणि त्रासलेले पडून राहिल्याने शरीराला अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा, अशी सवय लागते. तेव्हा मंद दिव्यात बसून डाळीतले खडे निवडा किंवा असेच एखादे कंटाळवाणे काम करा आणि पापण्या जड झाल्या की परत या. गरज पडली तर हे पुन्हा करा. (अंधारात अनवाणी अंगणात मात्र उतरू नका; विंचवाकाट्याची भीती असतेच.) पहिले काही दिवस याने थकवा वाढल्यासारखे वाटेल, तरी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा आणि निजायला नऊऐवजी साडेदहा वाजू द्या. जेवढी झोप येते तेवढाच वेळ अंथरुणात घालवला की ती सलग होऊ लागते. ओलितासाठी रात्रीची लाईट असेल त्या दिवसांत हे वेळापत्रक मोडणारच, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. दुपारी तीनच्या आत अर्धा तास पडा आणि ट्रॅक्टर चालवायचा असेल तर झोपेच्या भरात अजिबात चालवू नका.

खर्रा रात्री नकोच. त्यातील तंबाखूचे निकोटीन मेंदूला जागे करते, म्हणजे तुम्ही झोपेची वाट पाहत जागे राहण्याचे औषध घेत आहात. संध्याकाळचा चहाही चारनंतर बंद करून पाहा. मोबाईल वहिनींच्या उशाशी ठेवा. रात्री अडीच वाजता कोणतीही बाजार समिती उघडी नसल्याने भाव पाहून हाती काही लागत नाही.

गोळीविषयी : स्वतःच्या मनाने आणू नका. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय लागते, त्या एकदम बंद केल्या की झोप आणखी बिघडते आणि दारूसोबत घेतल्यास श्वासावर परिणाम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी न सुचवता, वर सांगितलेल्या पद्धती ज्यात येतात ती मानसोपचार पद्धती सुचवली आहे. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री आणि तीन महिन्यांपर्यंत त्रास चालू राहिला, तर डॉक्टरांना भेटा. तुमचे दिवाळीपासून चालू आहे, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते का आणि घोरताना श्वास अडकतो का, हेही तिथे सांगा.

शेवटची गोष्ट स्पष्ट विचारते. पहाटे जाग येण्याबरोबर कशातच मन न लागणे, भूक मरणे, आपण घरावर ओझे झालो असे वाटणे किंवा मरणाचे विचार येणे, यातले काही होत असेल तर ते आजच वहिनींना किंवा जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची मोफत सेवा असून ती रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. फवारणीचे औषध घरात असेल तर ते कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या. ही खबरदारी मी तुमच्यावर संशय घेऊन सुचवत नाही. असे औषध घरात ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी हेच सांगते.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्या आठलाच झोपतात, पहाटे तीनला उठून भांडी घासायला बसतात आणि घरातल्या सर्वांची झोप मोडते. ही मनाची काळजी आहे का?
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : बहुधा नाही. उतारवयात झोपेचे घड्याळ पुढे सरकते, म्हणजे झोप लवकर येते आणि जागही लवकर येते. आठ ते तीन म्हणजे सात तास झोप झाली, ती त्यांच्या वयाला पुरेशी आहे. दुपारची झोप कमी करता आली आणि सायंकाळी उजेडात त्यांना थोडा वेळ पारावर बसवता आले, तर निजण्याची वेळ हळूहळू नऊ-साडेनऊवर येईल. त्या दिवसा मलूल राहत असतील, विसरभोळेपणा एकाएकी वाढला असेल किंवा पहाटे रडत असतील, तरच डॉक्टरांना दाखवा. भांडी मात्र रात्रीच घासून पालथी घाला, म्हणजे पहाटे त्यांच्या हाताला ती लागणार नाहीत.