निरगुडीचा अर्क सासूबाईंना पाजू का?

प्रश्न : माझी पुतणी सांगलीला बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं निरगुडीच्या पाल्याचा अर्क उंदरांवर तपासला, पंजाची सूज छान उतरली म्हणते. सासूबाईंचे गुडघे सहा वर्षं दुखतायत, रोज डायक्लोफेनॅक घेतात. गोळी बंद करून हा अर्क दिला तर?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, देऊ नका. पहिलं पुतणीला विचारा, अर्क कशात काढला? मेथॅनॉलमध्ये असेल तर तो चाखायचासुद्धा नाही. प्रयोगशाळेत आटवलेल्या अर्कात थोडं मेथॅनॉल राहू शकतं आणि ते विष आहे.

पुतणीचं काम मात्र खरं आहे. मी तेवीस वर्षं मुलांकडून हाच प्रयोग करून घेतला. उंदराच्या मागच्या तळव्यात कॅराजिननचं एक टक्क्याचं द्रावण ०.१ मिलि टोचायचं. कॅराजिनन लाल समुद्री शेवाळातून निघतं. पंजा फुगतो, तिसऱ्या तासाच्या सुमारास सूज भरात येते. दर तासाला पंजा नळीत बुडवून पातळी किती चढली ते मोजायचं. ही पद्धत १९६२ पासूनची. घोट्यावरची शाईची खूण जरा सरकली तरी आकडा बिघडतो, म्हणून दिवसभर मोजमाप एकाच मुलानं करायचं असा माझा दंडक होता. एका गटाला अर्क, एकाला नुसतं पाणी, एकाला इंडोमेथासिन, म्हणजे सूज उतरवणारं माहितीतलं औषध. अर्काची लायकी या दोन्ही गटांशी ताडूनच कळते.

पण ही सूज धडधाकट जनावराची, चार तासांची. सासूबाईंचं दुखणं सहा वर्षांचं, त्यांच्या वयात बहुतेक वेळा गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजलेली असते. शिवाय मात्रा बघा. उंदराला किलोमागे २०० मिग्रॅ दिलं असेल, तर माणसासाठी ते साधारण सहानं भागतात. साठ किलोच्या बाईला जवळजवळ दोन ग्रॅम घट्ट अर्क झाला, तोही रोज. महिनोन्‌महिने एवढा अर्क घेतल्यावर यकृताचं, मूत्रपिंडाचं काय होतं, हे पंजाच्या सूजेवरून कळत नाही.

पुतणीनं ५५ अंशांच्या तापलेल्या प्लेटवरही उंदीर ठेवून पाहिले असतील, तर ते गुंगीत नव्हते ना, हेही विचारा. पेंगणारा उंदीर पाय उशिरा उचलतो आणि आपल्याला वाटतं वेदना शमली. त्यासाठी फिरत्या दांड्यावर त्यांचा तोल तपासावा लागतो. ही चाचणी राहून गेलेले कितीतरी प्रकल्प मी परत पाठवलेत.

मला खरी काळजी रोजच्या गोळीची वाटते. सहा वर्षं डायक्लोफेनॅक म्हणजे पोटात व्रण होण्याचा आणि मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाब तपासून घ्या. गोळी कमी करायची की बदलायची, ते डॉक्टरच ठरवतील.

निरगुडी सोडू नका. माझी आजी पाला तव्यावर गरम करून, धडप्यात पुरचुंडी बांधून शेकायची. तसा शेक खुशाल द्या. सासूबाईंना साखर असेल, पाय बधिर असतील, तर पुरचुंडी आधी तुमच्या मनगटाला लावून बघा.