‘कैलास लेणे’ की ‘कैलास लेणी’?

वेरूळला जाऊन आलेल्या एका वाचकाचा प्रश्न: ‘कैलास लेणी पाहिली’ म्हणायचं की ‘कैलास लेणं पाहिलं’? डोंगरातलं लेणं आणि अंगावरचं लेणं हा एकच शब्द का? आणि कैलास ही काही गुहा नव्हे, मग त्याला लेणं तरी का म्हणायचं?

पहिल्याचं उत्तर सोपं. एक लेणं, अनेक लेणी. जसं एक अंडं, अनेक अंडी. वाण्याकडे जाऊन ‘एक अंडी द्या’ कोणी म्हणत नाही, पण ‘ही लेणी फार सुंदर आहे’ सर्रास ऐकू येतं. असं का होतं, ते बघण्यासारखं आहे. ‘ती मोठी लेणी पाहिली’ हे वाक्य घ्या. ‘ती’, ‘मोठी’, ‘पाहिली’ ही तिन्ही रूपं नपुंसकलिंगी अनेकवचनाची आहेत आणि स्त्रीलिंगी एकवचनाचीही. फरक उघडा पडतो तो फक्त ‘आहेत’ आणि ‘आहे’ इथे. त्यात लेणी आपल्याला घोळक्यानेच भेटतात, पाट्यांवरही ‘वेरूळ लेणी’ असंच असतं. अंडं सुटं विकत मिळतं, लेणं सुटं फारसं भेटत नाही. मग एकवचन विसरलं जातं आणि ‘लेणीत गेलो’, ‘कैलास लेणीचं शिखर’ अशी रूपं निघतात. माझ्या कानाला ती खटकतात. लेण्यात गेलो, लेण्याचं शिखर.

हे नपुंसकलिंग मोठं चिवट आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत 10 क्रमांकाच्या लेण्यावर क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्रिरश्मी डोंगरावर ‘इदं लेणं कारितं इमा च पोढियो’ असं त्यात म्हटलंय. हे लेणं करवलं आणि या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी. ‘इदं लेणं’! पोढी आज पुस्तकांत उरली, बोलण्यात टाकं आलं. पण लेणं जसंच्या तसं आहे, अनुस्वारासकट. ओडिशात उदयगिरीच्या मंचपुरी गुंफेतल्या लेखातही ‘लेनं कारितं’ आहे. म्हणजे शब्द आपल्या एकट्याचा कधीच नव्हता. हिंदीत आज गुफा चालते, आपण लेणं टिकवलं.

आता दागिना. ‘डोंगराच्या अंगावरचा अलंकार म्हणून लेणं’ ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण खरी नव्हे. डोंगरातलं लेणं आलं संस्कृत ‘लयन’वरून, ‘ली’ म्हणजे टेकणे, दडणे या धातूपासून. पालीतही लेण म्हणजे आसरा. पावसाळ्यात भिक्षूंनी राहायची जागा ती. जुन्नरच्या डोंगरांत हिंडलात तर दगडी ओटा आणि चार भिंती एवढंच असलेल्या कितीतरी खोल्या दिसतील. नक्षीची एक रेघ नाही. तीही लेणीच. त्यांना दागिना कसं म्हणणार?

अंगावरचं लेणं वेगळं. ते ‘लेणे’ या क्रियापदाचं नाम: काजळ ल्याली, शालू लेऊन आली. खायचं ते खाणं, गायचं ते गाणं, तसं ल्यायचं ते लेणं. इथला ‘ण’ प्रत्ययाचा, गुहेतला मूळ शब्दाचा. दोन वाटांनी आलेले शब्द उच्चारात एकत्र पोचले, एवढंच. होडीची ‘नाव’ आणि माणसाचं ‘नाव’ असेच भेटले आहेत, त्यांना कोणी भावंडं मानत नाही. अर्थात ‘वेरूळ हे महाराष्ट्राचं लेणं’ हा श्लेष करायला माझी ना नाही. फुकटात मिळालाय.

तिसरी शंका मला सर्वांत आवडली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं कैलास हे डोंगराच्या पोटात शिरलेलं दालन नाही. तीन बाजूंनी खंदक खणून मधला खडक सुटा केला आणि शिखरापासून खाली येत तो कोरला. मागच्या कड्याकडे पाठ न फिरवता दोन मिनिटं पाहा: छिन्नीचे तिरके, समांतर घाव शंभरेक फूट वरपर्यंत दिसतात. काटेकोर बोलायचं तर हे एकाश्म मंदिर. पण मराठीने ‘लेणं’ शब्दातला ‘आसरा’ केव्हाच बाजूला ठेवला आणि ‘कोरणं’ धरलं. देऊळ बांधतात, लेणं कोरतात. कैलास कोणी ‘बांधलं’ म्हटलं की लगेच चुकल्यासारखं वाटतं ते म्हणूनच. त्यामुळे 16 क्रमांकाचं लेणं म्हणायला काहीच हरकत नाही. तिथे पूर्वी गिलावा आणि रंगकाम होतं, त्याचे तुकडे अजून दिसतात, त्यावरून गावकरी त्याला ‘रंगमहाल’ही म्हणत. वेरूळचंच 10 क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, ‘सुताराची झोपडी’, कारण छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात. ही नावं देणाऱ्यांना व्याकरणाची चिंता नव्हती, नजर मात्र पक्की होती.

तेव्हा तुमचं वाक्य: ‘वेरूळची लेणी पाहिली, त्यातलं कैलास लेणं दोनदा पाहिलं.’