केंद्रक धन की ऋण?

प्रश्न : मुलीचा आठवीचा धडा घेताना एका ठिकाणी अडले. सोन्याच्या पत्र्यावर सोडलेले धनप्रभारित अल्फा कण परत फिरले, म्हणून अणूचं केंद्रक धनप्रभारित, असं तिने पाठ केलंय. पण ओढ लागूनही कण वळेलच की! मग रुदरफोर्डने ‘धन’ कशावरून ठरवलं?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, शंका अगदी रास्त आहे. खुद्द रुदरफोर्डने १९११च्या निबंधात हा मुद्दा मोकळा ठेवला होता. मधला प्रभार धन असो वा ऋण, माझं गणित बदलत नाही, असं त्याने स्पष्ट मांडलं. शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवताना मला त्या निबंधातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटत आली.

सूर्य ओढत असूनही धूमकेतू त्याला वळसा घालून आल्या दिशेला परत जातो. ऋण केंद्रकाभोवती अल्फा कणही तसाच फिरला असता, आणि पडद्यावर काही फरक दिसला नसता.

मुळात दिसत तरी काय होतं? १९०९, मँचेस्टर. गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत थांबत. मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्याकडे पाहत. अल्फा कण आदळला की तिथे बारीक चमक उठे, ती मोजायची. पडदा पत्र्याच्या अलीकडेच, कण सोडले त्याच बाजूला. मध्ये शिशाची आड, म्हणजे थेट आलेला कण त्यावर पडूच नये. तरी चमका दिसल्या. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून साधारण ८००० कणांमागे एक परतत होता.

अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या सात हजारपटींहून जड, त्याला इलेक्ट्रॉन काय वळवणार? थॉमसनच्या कल्पनेप्रमाणे धनप्रभार अणूभर पसरलेला असता, तर प्रत्येक अणूपाशी कण जेमतेम हलला असता. असे बारीक हेलकावे साचून कण उलटा फिरण्याची शक्यता रुदरफोर्डने हिशेबात घेतली. ती नगण्य निघाली. म्हणजे एकाच धडकेत, एका अणूपाशी हे घडतं. त्यासाठी प्रभार अगदी इवल्याशा जागेत एकवटलेला हवा. परतलेल्या कणांनी सिद्ध केलं ते एवढंच.

‘धन’ला आधार दुसरीकडून मिळाला. अणूतून इलेक्ट्रॉन निघतो, आणि तो ऋण. अल्फा कण म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम, हे रुदरफोर्डनेच रॉइड्सबरोबर काम करताना पक्कं केलं होतं. इलेक्ट्रॉन गेल्यावर उरतं ते धन. १९१३ साली बोरने धन केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉन धरून हायड्रोजनच्या वर्णरेषांचा, म्हणजे त्याच्या प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेषांचा, हिशेब मांडला, तो जुळला.

परीक्षेत मुलीने पुस्तकातलं उत्तर खुशाल लिहावं. मात्र ‘म्हणून’ हा शब्द कुठे बसतो, हे तिला आधी नीट समजावून द्या.