जुन्या रेल्वेलाइनवर ट्रेल करायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : आमच्या भागातनं एक बंद पडलेली रेल्वेलाइन जाते, रूळ कधीच काढून नेलेत, नुसती झाडी माजलीय. तिथं चालायला, सायकलला ट्रेल करावा असं आम्हा दहा-बारा जणांच्या मनात आहे. आधी वर्गणी गोळा करू का?

उत्तर : वर्गणीचं नंतर बघा हो. आधी ती जमीन आज कागदावर कोणाच्या नावावर आहे ते शोधा, कारण रूळ गेले म्हणजे जागा मोकळी झाली असं नसतं. आणि ही पट्टी तुकड्या-तुकड्यानं विकली जायच्या आत ट्रेलसाठी लेखी मागणी द्या, मधला एक तुकडा गेला तरी सगळा मार्ग अडतो. सिंगापूरमधली एक जुनी रेल्वेलाइन २०११ मध्ये बंद झाली, पण तिथल्या निसर्गप्रेमी संस्थेनं ही जागा सलग हिरवी ठेवा असा प्रस्ताव २०१० मध्येच दिला होता, आज तिथं 'रेल कॉरिडॉर' नावाचा २४ किलोमीटरचा हिरवा ट्रेल आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये तर एलरॉय-स्पार्टा ट्रेल १९६७ पासून आहे, तोही जुन्या रेल्वेमार्गावरच, तीन बोगद्यांतनं जातो.

दुसरं म्हणजे शेजारी. लाइनला लागून ज्यांची घरं, शेतं आहेत त्यांना वाटतं की परके लोक आपल्या मागच्या दाराशी फिरणार, कचरा टाकणार, आणि ही भीती काही खोटी नाही, म्हणून पक्का नकाशा घेऊन त्यांच्याकडं जाऊच नका, रिकाम्या हातानं जा, त्यांना सोबत घेऊन अख्खी लाइन एकदा चाला. पावसात पाणी कुठं तुंबतं, गुरं कुठनं ओलांडतात, कुंपण कुठं लागेल, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पाण्याचं मात्र मनावर घ्याच! वाट पायांनी जेवढी खराब होते त्याहून जास्त पाण्यानं होते. रेल्वेचा चढ मुळात कमी असतो त्यामुळं व्हीलचेअरवाल्यांनाही जमतं, पण पूल पडलाय तिथं उतारावरनं नवी वाट काढावी लागली तर वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवा आणि वाट बाहेरच्या अंगाला किंचित कलती ठेवा, म्हणजे पाणी वाटेवरनं धावत न सुटता बाजूला उतरतं.

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसची एक योजना आहे, ती गावांना पैसे देत नाही, माणसं देते, बैठका घ्यायला, नकाशे करायला. तुम्हालाही सुरुवातीला हीच मदत जास्त लागेल. जवळच्या आर्किटेक्चर किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात विचारा, विद्यार्थी सर्व्हे करून देतील.

आणि पहिल्याच मीटिंगमध्ये दर महिन्याला गवत कोण कापणार त्यांची नावं लिहून घ्या.