वाचकांचे प्रश्न : फ्रीजचा आवाज

प्रश्न : आमचा दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज हल्ली रात्रभर खरखरतो. दार उघडलं की आवाज बंद, लावलं की थोड्या वेळात पुन्हा सुरू. फ्रीझरही पूर्वीसारखा कडक गार होत नाही. कॉम्प्रेसर गेला का?

उत्तर : नाही. दार उघडल्याने कॉम्प्रेसर बंद पडत नाही. बंद पडतो तो फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआडचा पंखा. खात्री करायची तर दार उघडं ठेवून चौकटीतलं दिव्याचं बटण बोटाने दाबून धरा. काही फ्रीजमध्ये दोन्ही दारांची बटणं दाबावी लागतात, काहींत बटणाऐवजी चुंबकाचा स्विच असतो, तिथे लहानसं लोहचुंबक टेकवा. खरखर सुरू झाली की चोर सापडला.

पंखा खरखरतो तो दोन कारणांनी. एक तर पाती बर्फाला घासतात, नाहीतर मोटरचा बुश (दांडी ज्यात फिरते ती कडी) झिजलेला असतो. तुमच्याकडे गारवाही कमी झालाय, म्हणजे आधी बर्फावर संशय. प्लग काढा, फ्रीज रिकामा करा आणि दोन्ही दारं 24 तास सताड उघडी ठेवा. खाली जुने टॉवेल अंथरा, मागचा पाण्याचा ट्रे मधूनमधून बघत राहा. घाई म्हणून सुरीने किंवा पेचकसाने बर्फ खरवडू नका. आतली कॉइल, म्हणजे गारवा देणारी गॅसची नळी, पातळ ॲल्युमिनियमची असते, एक ओरखडा आणि गॅस बाहेर.

सुरू केल्यावर आवाज गेला, तर आता दिवस मोजा. दार नीट लागत नसल्याने किंवा रबर फाटल्याने एकदाच बर्फ साचला असेल, तर ते दुरुस्त केल्यावर तो परत येत नाही. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा खरखर सुरू झाली, तर बर्फ वितळवणारी यंत्रणाच बिघडली आहे. ती म्हणजे कॉइलखालचा हीटर, कॉइलला चिकटवलेला थर्मोस्टॅट किंवा सेन्सर, आणि त्यांना वेळेवर चालू करणारा टायमर किंवा बोर्ड. प्लग काढून पॅनेल उघडा. पूर्ण कॉइल पांढऱ्याशुभ्र गोधडीखाली गाडलेली दिसेल.

हीटर तपासायला त्याची जोडणी सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर लावा. हीटरवर वॅट छापलेले असतात. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागा, की साधारण किती ओहम यायला हवेत ते कळतं : 230 व्होल्टच्या 150 वॅट हीटरला सुमारे 350. काहीच आकडा आला नाही तर हीटर तुटलाय. थर्मोस्टॅटच्या बाबतीत मात्र बरेच जण फसतात. गोल बटणासारखा, दोन वायरींचा थर्मोस्टॅट गार असतानाच जोडलेला असतो, म्हणजे तेव्हाच त्यातून वीज जाते. टेबलावर तपासला की तुटलेलाच दाखवतो आणि चांगला भाग फेकला जातो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीठ मिसळलेल्या बर्फाच्या चुऱ्यात दहा मिनिटं बुडवा आणि मग मोजा. तेव्हाही जोडलेला दिसला नाही, तर बदला.

बर्फ नसताना खरखर असेल तर पातं हाताने फिरवून बघा. अडकत फिरलं किंवा दांडी इकडेतिकडे डुगडुगली, तर मोटर बदलायची. तेलाचा थेंब सोडला की चार दिवस शांतता मिळते, पण शून्याखाली अठरा अंशांत ते तेल घट्ट होतं, त्यामुळे हा उपाय आम्ही सुचवत नाही. नवी मोटर घेताना जुनीवरचा व्होल्टेज, फिरण्याची दिशा, दांडीची लांबी आणि कनेक्टर जुळवा. पातं ओढून काढण्याआधी ते दांडीवर कुठवर बसलं होतं तिथे पेनाने खूण करा. दोन मिलिमीटर आत-बाहेर झालं तरी ते कडेला घासतं, आणि नवी मोटर जुनीपेक्षा मोठ्याने ओरडते.

प्रश्न : एका दाराचा जुना फ्रीज आहे. चालू असताना मागून थरथर आणि खडखड येते, बंद होताना धक्का बसून सगळा फ्रीज हलतो.

उत्तर : साध्या एकदारी फ्रीजमध्ये आत पंखा नसतो, त्यामुळे शोध मागच्या बाजूलाच. फ्रीज चालू असताना आधी फ्रीजच्या माथ्यावरच्या वस्तू उतरवा (अर्ध्या तक्रारी इथेच संपतात). मग पाण्याचा ट्रे, मागची जाळी यांना एकेक करून हलकेच हात लावा. ज्याला धरल्यावर आवाज थांबतो, तेच वाजतंय. कॉम्प्रेसर आणि त्याजवळची नळी तापलेली असते, तिथे जाड कापड घ्या.

तांब्याची नळी दुसऱ्या नळीला किंवा पत्र्याला टेकत असेल, तर फ्रीज बंद करून ती बोटांनी, पक्कड न लावता, अगदी थोडी बाजूला करा. पाच मिलिमीटर फट पुरते. जागा नसेल तर मध्ये फोमचा तुकडा घालून प्लास्टिकच्या पट्टीने बांधा. यात आळस करू नका : नळी घासत राहिली तर काही महिन्यांत तिला भोक पडतं.

बंद होतानाचा हलका धक्का नैसर्गिक आहे, कारण कॉम्प्रेसरची मोटर आत स्प्रिंगांवर बसलेली असते आणि थांबताना डोलते. तो धक्का पूर्ण फ्रीजला जाणवतो, तेव्हा कॉम्प्रेसरच्या पायांखालचे चार रबर कडक झालेले असतात. बदलताना एका वेळी एकच पाय मोकळा करा, नाहीतर नळ्यांवर ताण येतो. नट आवळून रबर चेपू नका, चेपलेलं रबर आणि लाकडाचा तुकडा सारखेच. शेवटी फ्रीज चारही पायांवर टेकलाय ना, ते कोपरे दाबून बघा. पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवली की दारही आपोआप लागतं.

प्रश्न : दर दोन-तीन मिनिटांनी घूंऽऽ आणि मग ‘टक’. गारवा शून्य.

उत्तर : कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय, उठत नाही, आणि ओव्हरलोड (जास्त ताण आला की वीज तोडणारा स्विच) त्याला तोडतोय. त्याच क्षणी लाइनचा व्होल्टेज मोजा; तो फार पडत असेल तर फ्रीजचा दोष नाही. ठीक असेल तर प्लग काढा आणि कॉम्प्रेसरच्या बाजूची टोपी उघडा. कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल तर तो आधी डिस्चार्ज करा, म्हणजे साठलेली वीज उतरवा. पीटीसी रिले (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा भाग) काढून कानाशी हलवा. खुळखुळला तर आतली चकती फुटली आहे, रिले बदला. जुन्या, तारेच्या वेटोळ्याच्या रिलेमध्ये मात्र आतला खटका वाजतोच, तो दोष समजू नका.

उघड्या पडलेल्या तीन पिनांवर जोडीजोडीने ओहम मोजा. सर्वात मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा, आणि कोणत्याही पिनेपासून बॉडीपर्यंत काहीच आकडा येता कामा नये. यात गडबड असेल तर कॉम्प्रेसर संपला. इन्व्हर्टर फ्रीजला हा हिशोब लागू नाही : तिथे तिन्ही आकडे सारखे येतात आणि चालवतो तो बोर्ड.

प्रश्न : बंद झाल्यावर पोटात गुरगुरल्यासारखं, कधी हिस्स, कधी प्लास्टिक तडकल्यासारखं.

उत्तर : काही करू नका. कॉम्प्रेसर थांबल्यावर गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा होतो, ती गुरगुर. गरम हीटरवर थेंब पडतो, तो हिस्स. तापमान बदलल्यावर आतलं प्लास्टिक आक्रसतं-पसरतं, तो तडका. गुरगुर वाढत गेली आणि गारवाही घटला, तर गॅस कमी झाल्याची शंका घ्यावी. गॅसचं काम घरी करू नका : फ्रीजच्या पट्टीवर आर-600ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, ठिणगीने पेटणारा.