अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या जुलैच्या ड्राफ्टसाठी (संघ शाळा-कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात तो) पोरांची यादी आत्तापासून करतोयस, तर...

कर, पण पेन्सिलने कर. सतरा वर्षांचं पोरगं एका हिवाळ्यात दोन इंच वाढतं, नाहीतर खांदा दुखावून घरी बसतं.

कॉलेजच्या मुलांसाठी उन्हाळ्यातल्या केप कॉड लीगपासून सुरुवात कर. कॉलेजात धातूची बॅट, तिथे लाकडाची. मुठीजवळ लागलेला चेंडू धातूच्या बॅटने आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, जाऊन पडतो. लाकडाच्या बॅटने हाताला नुसत्या झिणझिण्या येतात. म्हणून कॉलेजातले होमरन (थेट कुंपणापार गेलेले फटके) मी अर्धेच धरतो.

मैदानावर गेलास तर स्टॉपवॉच ने. उजव्या बॅटरला फटक्यापासून पहिल्या बेसपर्यंत पळायला साधारण 4.3 सेकंद लागले की वेग मध्यम, म्हणजे खेळाडू जोखणाऱ्यांच्या 20 ते 80 च्या मापात 50. उगाच 60-70 वाटत सुटू नकोस. सुरुवातीला प्रत्येक पोरात तारा दिसतो, मलाही दिसायचा. पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) वेगाचा रडारवरचा आकडा पहिल्या इनिंगमध्ये सगळेच टिपतात. तू पाचव्या इनिंगमधला टीप. आणि हो, एरर (चेंडू अडवताना-फेकताना चूक) झाल्यावर पोरगा डगआउटमध्ये काय करतो, तेही बघ.

थंडीच्या राज्यांतली मुलं नजरेतून सुटतात. तिथे वसंतात सामने कमी, त्यामुळे बघणारेही कमी फिरकतात. मेजर लीगचा मोठा तारा माइक ट्राउट अशाच थंड न्यू जर्सीच्या शाळेतला. 2009 च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर 25वा लागला, म्हणजे चोवीस जण त्याच्या आधी निवडले गेले.

ज्युनिअर कॉलेजवाल्यांची (आपली अकरावी-बारावी नव्हे, तिथली शाळेनंतरची दोन वर्षांची कॉलेजं) यादी वेगळी ठेव. त्यांना पहिल्या वर्षानंतरही निवडता येतं; चार वर्षांच्या कॉलेजातल्यांना मात्र तिसरं वर्ष संपावं लागतं, नाहीतर वय 21 लागतं.